कागदी नोंदींचा खर्च स्टेशनरीच्या बिलात का सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: धंदा मध्यम आकाराचा आहे. ऑर्डरी, चलनं (मालासोबत जाणारे, ग्राहकाची सही घ्यायचे कागद), बिलं, साठा सगळं रजिस्टरं आणि फायलींवर चालतं. कागद, शाई आणि फायलींवर वर्षाला जो खर्च होतो तो एकूण खर्चात नगण्य आहे. मग हे बदलून नेमकं वाचणार काय, आणि ते मोजायचं कसं?

कागद स्वस्तच असतो. त्यामुळे स्टेशनरीच्या बिलावरून हिशोब मांडला की उत्तर दरवेळी ‘चाललंय ते बरं चाललंय’ असंच येतं. खरा खर्च असतो तो एखादी गोष्ट घडल्यापासून ती ज्याला कळायला हवी त्याला कळेपर्यंतच्या वेळात. माल पोचलाय, पण सही झालेलं चलन अजून गाडीच्या कप्प्यातच आहे. पुरवठादाराचं बिल आलंय, पण ते सहीच्या ट्रेमध्ये खालून चौथं पडलंय. हा पडून राहण्याचा वेळ कुठल्याच खात्यात खर्ची पडत नाही. त्याचे परिणाम मात्र खर्ची पडतात आणि तेही भलत्याच नावांनी: बँकेचं व्याज, जुनी थकबाकी, जादा साठा, ‘किरकोळ फरक’.

मोजणी डिलिव्हरी चलनापासून सुरू करा, कारण मोठी रक्कम बहुधा इथेच अडकलेली असते. चलन तीन प्रतींत निघतं. पहिली प्रत ग्राहकाकडे राहते, दुसरी त्याची सही-शिक्का घेऊन परत येते, तिसरी बुकातच असते. ती दुसरी प्रत ड्रायव्हर रोज जमा करत नाही. इंधनाच्या आणि टोलच्या पावत्यांसोबत एकदमच आणून देतो. सही झालेली प्रत हातात आल्याशिवाय बिलिंगवाला बिल काढत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ग्राहकाची उधारीची मुदत सुरू होते बिलाच्या तारखेपासून. म्हणजे चलन जितके दिवस फिरत राहिलं तितके दिवस ग्राहकाला फुकटची उधारी मिळाली.

आकडा मांडून पाहा. वर्षाची उधार विक्री ३ कोटी ६५ लाख धरली तर रोजची विक्री १ लाख झाली. माल पोचल्यानंतर बिल निघायला सरासरी ४ दिवस लागत असतील तर ४ लाख अडकलेले आहेत. आज जुने ४ लाख सुटतील, पण तोवर नवे अडकलेले असतील. धंदा चालू आहे तोवर हे ४ लाख बाहेरच राहणार. कर्जाचा दर १२ टक्के असेल तर वर्षाला ४८ हजार व्याज नुसतं चलनाच्या प्रवासाला जातं. तुमचे आकडे काढायला सॉफ्टवेअर लागत नाही. मागच्या महिन्यातली कोणतीही ५० चलनं काढा आणि प्रत्येकाच्या तीन तारखा लिहा: ग्राहकाच्या सहीची, चलन ऑफिसात आल्याची आणि बिलाची. मधली तारीख बहुतेक ठिकाणी कुठेच सापडत नाही. तसं असेल तर आजपासून ‘आवक’ आणि तारखेचा रबरी शिक्का मारायला लागा. उशीर गाडीत होतो की बिलिंगच्या टेबलावर, हे महिनाभरात कळेल, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. गाडीत होत असेल तर सही झालेल्या चलनाचा फोटो ड्रायव्हरने जागेवरूनच पाठवावा आणि बिल त्यावर निघावं. मूळ प्रत सावकाश येऊ दे. फोटोत चलन क्रमांक, सही, शिक्का आणि कमी-जास्तीचा शेरा हे चारही दिसलेच पाहिजेत. कोपरा कापला गेलेला फोटो वादाच्या वेळी उपयोगाचा नसतो.

खरेदीच्या बाजूला हाच खर्च उलट दिशेने होतो. पुरवठादार अनेकदा ‘१० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम’ अशी अट देतात. २ टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण सूट सोडली की ९८ ची रक्कम २० दिवस वापरायला आपण २ मोजतो. वर्षाच्या दराने ते सुमारे ३७ टक्के होतात, आणि इतक्या महाग दराने कोणी जाणूनबुजून कर्ज घेणार नाही. तरीही ही सूट बुडते, कारण बिल आवक रजिस्टरमधून स्टोअरला, तिथून खरेदी विभागाला, मग अकाउंट्सला आणि शेवटी सहीला असं फिरतं. प्रत्येकाचं प्रत्यक्ष काम दोन-तीन मिनिटांचं असतं, बाकी सगळा वेळ ट्रेमधला. एक महिनाभर प्रत्येक बिलाला एक चिठ्ठी पिन करा आणि प्रत्येक टेबलावर ‘आलं’ आणि ‘गेलं’ या दोनच तारखा लिहून घ्या. महिन्याच्या शेवटी कामाची मिनिटं आणि पडून राहिलेले दिवस शेजारी शेजारी मांडले की वाद मिटतो.

याच वाटेवर दुहेरी पेमेंट होतं. बिल फिरतीत अडकलं की पुरवठादार आठवण म्हणून दुसरी प्रत पाठवतो. ही प्रत वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाच्या हातात येते आणि पुन्हा आवक होते. पहिल्या नोंदीत बिल क्रमांक ‘००४५’ असतो, दुसऱ्या नोंदीत नुसता ‘४५’. रजिस्टरमध्ये नोंदी तारखेच्या क्रमाने असतात, त्यामुळे या दोन ओळींमध्ये तीन-चार पानांचं अंतर पडतं आणि डोळ्याला जोडी दिसत नाही. तपासायचं असेल तर मागच्या वर्षाच्या पेमेंटचे फक्त चार रकाने स्प्रेडशीटमध्ये टाका: पुरवठादार, बिल क्रमांक, तारीख, रक्कम. क्रमांकातले आधीचे शून्य, तिरक्या रेघा आणि मोकळ्या जागा काढून टाका. मग पुरवठादार आणि रकमेने क्रम लावा. एकाच पुरवठादाराची तीच रक्कम दोन महिन्यांच्या आत दोनदा दिसली की मूळ कागद काढून बघा. दरमहा ठरलेली रक्कम, म्हणजे भाडं किंवा देखभालीचं बिल, आधीच बाजूला काढा, नाहीतर यादी उगाच फुगते.

आता नकलेच्या चुका. एकच आकडा किती वेळा लिहिला जातो ते एका ऑर्डरचा माग काढून मोजा: ऑर्डर पॅड, ऑर्डर रजिस्टर, माल काढायची चिठ्ठी, चलन, बिल, खतावणी (प्रत्येक ग्राहकाचं खातं असलेली वही), येणेबाकीची यादी. एकदा मूळ लिहिणं आणि सहा वेळा नक्कल. नक्कल करणारा शंभरात ९९ वेळा बिनचूक असला, आणि ही कामगिरी चांगलीच म्हणायची, तरी सहा टप्प्यांनंतर शंभरातल्या ९४ ऑर्डरीच पूर्ण बिनचूक उरतात. बाकीच्या सहांपैकी एखादी ग्राहकाला महाग पडली तर तो फोन करतो. त्याच्या फायद्याची असेल तर बहुतेकदा करत नाही. म्हणून तक्रारींच्या संख्येवरून चुकांचा अंदाज बांधू नका. कार्बन प्रतीवर ३ चा ८ होतो आणि १ चा ७. तिसऱ्या प्रतीपर्यंत बॉलपेनचा दाब पोचत नाही, आणि नेमकी तीच प्रत आपल्या बुकात राहते. वह्या जुळवताना फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधा: ५,८४१ च्या जागी ५,४८१ लिहिलं तर फरक ३६०, म्हणजे ९ गुणिले ४०. शून्य कमी-जास्त पडलं तरी फरकाला ९ ने भाग जातो. ही युक्ती जुन्या कारकुनांना पाठ असते. पण ती रोज वापरायची पाळी येते, म्हणजे रोज कोणाचा तरी अर्धा तास चूक शोधण्यात जातो.

शोधाशोधीचा खर्च सगळ्यांना माहीत असतो, पण तो मोजताना सरासरीत फसगत होते. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवा. रकाने: तारीख, काय शोधलं, कोणी, कोणासाठी, सुरुवातीची वेळ, सापडल्याची वेळ, कुठे सापडलं. हे दोन आठवडे ठेवा आणि त्यात महिनाअखेर येऊ द्या, नाहीतर चित्र फसवं असतं. एका मिनिटाची किंमत काढायला माणसावरचा महिन्याचा एकूण खर्च, म्हणजे पगार आणि त्यावरचं सगळं, प्रत्यक्ष कामाच्या मिनिटांनी भागा. महिन्याचे २२ दिवस आणि रोजचे साडेसहा तास धरले तर ८,५८० मिनिटं होतात. आठ तास धरू नका. आठ तास सलग कोणीही काम करत नाही. शोधणाऱ्यासोबत थांबलेल्याचाही वेळ धरा. कारकून कपाटात डोकं घालून असतो तेव्हा मॅनेजर फोनवर ग्राहकाला थोपवत असतो, आणि त्याचं मिनिट महाग असतं.

या कागदावर साधारण असं दिसेल: बहुतेक शोध दोन-तीन मिनिटांत आटोपले, आणि दोन-तीन शोधांना अर्धा दिवस किंवा जास्त लागला. सरासरी काढली की ‘एका शोधाला सहा मिनिटं’ असा निरुपद्रवी आकडा येतो. त्याकडे दुर्लक्ष करा आणि ते दोन-तीन शोध उलगडून बघा. फाईल कोणाच्या तरी टेबलावर होती, किंवा दुसऱ्या नावाने लावली होती, किंवा दोन फायलींच्या मध्ये घसरून मागे पडली होती. पहिल्या प्रकारावर उपाय अगदी जुना आहे: फाईल काढली की तिच्या जागी रंगीत पुठ्ठा, त्यावर नाव आणि तारीख. दुसऱ्यावर उपाय म्हणजे नावं लावायचा एकच लेखी नियम. ‘श्री’ धरायचं की नाही, फर्मच्या नावाने लावायची की मालकाच्या, हे एका पानावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. एवढ्याने शोध बरेच आटोक्यात येतात, एकही संगणक न घेता.

पण या कागदावर एक गोष्ट कधीच येत नाही: जे शोध घेतलेच गेले नाहीत ते. माल १२ नग कमी आला होता, पण त्याचा शेरा असलेलं चलन शोधायला कोण बसणार, म्हणून दावा केला नाही. मशीनची मोटर वॉरंटीत असताना जळली, पण खरेदीचं बिल मिळेना, म्हणून नवी घेतली. जुन्या भाड्याच्या जागेची अनामत परत मागायची राहिली. वर्षभराच्या खरेदीवर मिळायची सूट मागायला एकूण खरेदीचा आकडा लागतो, तो काढायला दोन दिवस लागतात, म्हणून पुरवठादार सांगेल ती रक्कम मान्य केली. माझ्या मते कागदाचा सर्वांत मोठा लपलेला खर्च हा आहे, कारण इथे पैसा जाताना दिसतच नाही; तो फक्त येत नाही. याचा माग काढायला स्टोअर, खरेदी आणि विक्री या तिघांना एकच प्रश्न विचारा: ‘कागद लगेच मिळाला असता तर मागच्या वर्षी काय काय मागितलं असतं?’ उत्तरं लिहून घ्या आणि रकमा घाला.

त्याच जातीचा दुसरा खर्च करारांच्या तारखांचा. करार फायलीत व्यवस्थित लावलेला असतो, पण ‘मुदत संपण्याआधी ६० दिवस नोटीस न दिल्यास आपोआप नूतनीकरण’ हे कलम सातव्या पानावर असतं आणि फाईल स्वतःहून कोणाला हाक मारत नाही. सगळे करार, विमा पॉलिसी, परवाने, देखभालीचे करार एकदाच काढा आणि चार रकाने भरा: कशाचा, मुदत कधी संपते, नोटीस कधीपर्यंत द्यायची, जबाबदार कोण. नोटिशीच्या तारखेआधी ३० दिवसांची आठवण कॅलेंडरमध्ये टाका. हे काम एका दुपारचं आहे.

साठ्याच्या रजिस्टरचं गणित वेगळं आहे. माल काढल्याच्या चिठ्ठ्या दिवसभर जमतात आणि नोंद संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी होते. स्टोअरकीपरला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो रजिस्टरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता हाताशी जादा माल ठेवतो. त्याचं चुकत नाही. पुन्हा मागवायची पातळी म्हणजे रोजचा वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक सुरक्षित साठा, म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेला माल. एखादा भाग रोज ४० नग लागत असेल आणि नोंद दोन दिवस मागे असेल, तर फक्त त्या उशिरासाठी ८० नग कायम जास्त ठेवावे लागतात. असे दोनशे-तीनशे भाग असतील तर गोदामाचा एक कोपरा आणि त्यात गुंतलेले पैसे रजिस्टरच्या संथपणाला वाहिलेले असतात. इतकं करून एखादा भाग संपतोच, कारण चिठ्ठी हरवलेली असते. इथे सुरुवात सगळ्या मालापासून करू नका. किमतीने सर्वांत भारी असे २०-३० भाग निवडा, त्यांची नोंद माल काढतानाच स्क्रीनवर करा आणि दर आठवड्याला त्यातले काही प्रत्यक्ष मोजा. फरक येतो तो जिथे नोंदीत ढिलाई होते तिथेच: रात्रीच्या पाळीत, नाहीतर ‘नंतर लिहितो’ म्हणून नेलेल्या मालात.

जुन्या प्रती हा कारखान्यातला स्वतंत्र प्रकार. ड्रॉइंग बदललं, नवी प्रत आली, पण मशीनशेजारी तेलाचे डाग पडलेली जुनी प्रत चिकटवलेली आहे आणि ऑपरेटरची नजर तिलाच सरावलेली आहे. एक माप बदललेलं असतं आणि अख्खी बॅच फेरकामाला जाते. दरपत्रकाचं तेच. कागदावर राहायचंच असेल तर नियम कडक हवा: प्रत्येक प्रतीला क्रमांकाचा शिक्का, कोणाकडे कोणती प्रत आहे त्याची यादी, आणि जुनी प्रत परत घेतल्याशिवाय नवी द्यायची नाही. शिक्का नसलेली प्रत दिसली की फाडायची.

जागेचा खर्च सगळे आधी सांगतात. माझ्या लेखी तो दुय्यम आहे, पण मोजायला सोपा. ८० ग्रॅमचा ए४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो. ५०० कागदांचं रीम अडीच किलो आणि साधारण ५ सेंटिमीटर जाड. चार खणांच्या फायलिंग कपाटात १० ते १२ हजार कागद मावतात, म्हणजे ५० ते ६० किलो कागद. खण पूर्ण ओढून समोर उभं राहायची जागा धरली तर एक कपाट पाऊण ते एक चौरस मीटर खातं. रोज ६० कागद जमत असतील तर ३०० दिवसांत १८ हजार होतात, आणि आठ वर्षांत १ लाख ४४ हजार: बारा-पंधरा कपाटं, ७२० किलो. चौरस मीटरचं भाडं लावा की आकडा मिळाला. रुळांवर सरकणारी दाटीची रॅक घ्यायचा मोह झाला तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. ऑफिसची जमीन तेवढ्या एकवटलेल्या वजनासाठी बांधलेली नसते.

कागद टिकतो असं मानणाऱ्यांनी थर्मल प्रिंटच्या पावत्या काढून बघाव्यात. त्या शाईने छापलेल्या नसतात, उष्णतेने काळ्या पडणाऱ्या लेपावर उमटलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटातली रसायनं त्यांना कोरं करतात. चिकटपट्टीखालचा मजकूरही जातो. अशी पावती आली त्याच दिवशी स्कॅन करायची, आणि लावायचीच असेल तर मजकुराच्या बाजूला टेप न लावता कागदी पाकिटात ठेवायची. स्टेपल पिना गंजतात, रबरबँड वितळून कागदाला चिकटतात. वर्षानुवर्षं ठेवायच्या फायलींतून दोन्ही काढून टाका.

आग आणि पाणी यांचा खर्च दरवर्षी येत नाही, पण येतो तेव्हा सगळ्यांवर वरचढ असतो. साधं लोखंडी कपाट धुळीपासून वाचवतं, आगीपासून नाही; कागद साधारण २३० अंश सेल्सिअसला पेटतो आणि त्याआधीच करपून ठिसूळ होतो. कागदासाठी प्रमाणित अग्निरोधक कपाटाच्या आतलं तापमान ठरलेल्या वेळेपर्यंत १७७ अंशांच्या खाली राहावं लागतं. इथे एक चूक फार जण करतात: बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात ठेवतात. डिजिटल माध्यमांसाठीच्या कपाटाची मर्यादा ५२ अंशांची असते. १७७ अंशांच्या कपाटात कागद वाचेल, डिस्क वाचेलच असं नाही. पाण्याचं म्हणाल तर भिजलेल्या कागदाला ४८ तासांच्या आसपास बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात सगळं सुकवणं शक्य नसेल तर गठ्ठे गोठवून ठेवतात आणि मग सवडीने तज्ज्ञांकडून सुकवून घेतात. गुळगुळीत लेपाचे कागद सुकताना एकमेकांना चिकटून वीट होते. त्यांना आधी हात घाला. आणि येणेबाकीची खतावणी गेली तर कोणाकडून किती येणं आहे हे ग्राहकांनाच विचारावं लागतं. बाकी काही नाही तरी येणेबाकीच्या यादीचा फोटो दर आठवड्याला ऑफिसबाहेर जाऊ द्या.

एक खर्च माणसांच्या रूपात असतो. ‘ती फाईल फक्त त्यांनाच माहीत’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, ते रजेवर गेले की किती कामं थांबतात ते मोजा. अशा माणसाला दोष देऊ नका; पद्धत कुठे लिहिलेलीच नाही, म्हणून ती त्याच्या डोक्यात आहे. त्याला लागून दुसरी बाब म्हणजे फाईल कोणी पाहिली याचा माग राहत नाही. पगाराची फाईल कोणी चाळली, दरपत्रकाचा फोटो कोणी घेतला, मागच्या तारखेची नोंद केव्हा घुसवली, हे सुट्या कागदांवरून कळत नाही. बांधीव, पानांवर छापील क्रमांक असलेलं रजिस्टर यात सुट्या पानांच्या फायलीपेक्षा कितीतरी बरं.

हे सगळं वाचून लगेच स्कॅनर घ्यायला निघू नका. अर्धं कागदावर आणि अर्धं संगणकावर ही अवस्था दोन्हींपेक्षा महाग असते. संगणकात बिल बनवायचं, छापायचं, सही करायची, स्कॅन करायचं, मेल करायचं आणि छापील प्रत पुन्हा फायलीला लावायची: इथे कागदाचा एकही खर्च गेला नाही, वर नवा आला. त्याहून वाईट म्हणजे रजिस्टर एक सांगतं, सॉफ्टवेअर दुसरं, आणि खरं कोणतं हे कोणीच ठरवलेलं नसतं. म्हणून प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी लेखी ठरवा की अमुक तारखेपासून मूळ नोंद इथेच, बाकी सगळ्या नकला. दोन्ही पद्धती समांतर चालवा, पण एक-दोन महिनाअखेर जुळेपर्यंतच. ‘खात्री होईपर्यंत’ अशी मोकळी मुदत दिली की रजिस्टर वर्षानुवर्षं चालू राहतं.

जुना गठ्ठा स्कॅन करायचा मोह टाळा. आजपासून येणारा कागद आजच आत घ्या, आणि जुन्यातला जो कागद कामासाठी काढावा लागेल तेवढाच तेव्हा स्कॅन करा. वर्षभरात कळतं की जुन्यातला फार थोडा भाग कोणी मागतं. मोठ्या स्कॅनिंगचा अंदाज देणारे स्कॅनरचा वेग सांगतात, पण वेळ जातो तो पिना काढण्यात, घड्या उलगडण्यात, फाटलेलं सांधण्यात आणि शेवटी पानं मोजण्यात.

सेटिंगबद्दल नेमकं सांगायचं तर ३०० डीपीआय (एका इंचात ३०० बिंदू) पुरेसं आहे. ए४ चं पान त्यात २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचं होतं. निव्वळ काळं-पांढरं ठेवलं तर फाईल छोटी होते, पण पेन्सिलचा शेरा, फिकट निळी सही आणि पुसट शिक्का उडून जातात. सही-शिक्क्याचे कागद रंगीत किंवा करड्या छटांत घ्या. ‘कोरी पानं आपोआप काढा’ ही सोय बंद ठेवा, कारण मागच्या बाजूचा हलका शेरा असलेलं पान तिला कोरं वाटतं. आणि जेबीआयजी२ हे आक्रमक कॉम्प्रेशन, म्हणजे फाईल लहान करायची पद्धत, टाळा. २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझल यांनी दाखवून दिलं की काही स्कॅनर-कॉपियर यंत्रं याच कॉम्प्रेशनमुळे पानावरचे आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८ येत होता. सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाची छबी दुसऱ्याच्या जागी वापरली जात होती. पान स्वच्छ, आकडा चुकीचा. पुसट कार्बन प्रतीपेक्षा हे धोकादायक, कारण शंकाच येत नाही. दीर्घकाळ ठेवायचं असेल तर पीडीएफ/ए या, जतन करण्यासाठीच्या पीडीएफ प्रकारात ठेवा. फाईलचं नाव वर्ष-महिना-दिवस, प्रकार, पक्ष, क्रमांक या क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप तारखेने लागते. हाताने लिहिलेलं यंत्राला वाचता येईल या भरवशावर राहू नका. क्रमांक, तारीख, पक्ष आणि रक्कम हे चार तपशील माणसाने टाइप करावेत आणि रक्कम दुसऱ्याने तपासावी. बॅकअप तीन प्रतींत, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत इमारतीबाहेर, आणि दर तिमाहीला एखादी फाईल प्रत्यक्ष परत आणून उघडून बघायची.

काही कागद कागदच राहू द्या. मालकीहक्काचे दस्त, मृत्युपत्रासारखे कागद, ज्यांच्या मूळ प्रतीवरच हक्क ठरतो अशी वचनचिठ्ठी वगैरे; यांची मूळ प्रत टाकायच्या आधी तुमच्या देशाचा कायदा जाणणाऱ्याला विचारा. धूळ, ओल किंवा हातमोजे असलेल्या जागी रोजची तपासणी यादीही कागदावर बरी चालते. फक्त फॉर्मला छापील क्रमांक हवा, म्हणजे २१४ नंतर २१६ आला तर २१५ कुठे गेला हे विचारता येतं.

उरलेला जुना कागद कायम ठेवायचा नसतो, पण विल्हेवाटीचा नियम कोणी केलेला नसतो म्हणून तो राहतो. प्रत्येक प्रकाराची ठेवायची मुदत कायद्यानुसार ठरवा आणि खोका बंद करतानाच त्यावर ‘अमुक महिन्यानंतर नष्ट’ असं ठळक लिहा. त्या महिन्यात अकाउंट्स आणि कायदेशीर बाजू पाहणाऱ्याची सही घ्या. एखादा वाद किंवा तपासणी चालू असेल तर तो खोका थांबवा. गोपनीय कागदांना पट्ट्या कापणारं श्रेडर पुरत नाही, पट्ट्या जुळवता येतात. पी-४ दर्जाचं, म्हणजे तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा करणारं यंत्र घ्या. आणि काय, कधी, कोणासमोर नष्ट केलं याची एक ओळ नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे तो कागद कोणी मागितला तर ‘हरवला’ असं सांगायची वेळ येत नाही.